नगर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांची रात्र : कंदिलापासून मोबाइलपर्यंत

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने किती वाजता निजावे, हे अहमदनगर जिल्ह्यात बराच काळ त्या मुलाच्या हातात नव्हते. कंदिलातले रॉकेल ते ठरवी, खोलीमालक ठरवी, वसतिगृहाचा रेक्टर ठरवी. पुढे साखर कारखान्याचा भोंगा आणि विजेचे वेळापत्रकही ठरवू लागले. हे पहारे एकेक करून उठत गेले. स्मार्टफोनमुळे पोरांची झोप गेली, हे आज घरोघरी बोलले जाते आणि त्यात तथ्यही आहे. मात्र फोन हातात आला तेव्हा या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याची रात्र आधीच बरीचशी मोकळी झाली होती आणि त्याच्या डोक्यावरचा भार वाढत चालला होता. त्या रात्रीचा हा इतिहास आहे.

२०२४ साली अहिल्यानगर असे नामकरण झालेला आणि बोलण्यात अजूनही ‘नगर’च असलेला हा जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. त्याच्या चौदा तालुक्यांत दोन वेगळे प्रदेश नांदतात. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा ऊस, कारखाने आणि त्यांच्याभोवती उभी राहिलेली महाविद्यालये. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरचा पर्जन्यछायेतला माळ, जिथून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या बाहेर पडतात. या दोन्ही भागांतली मुले शिकायला एकाच वर्गात येऊन बसतात, पण त्यांच्या रात्री सारख्या नव्हत्या आणि आजही नाहीत.

झोपेला नियम असावा, हा विचार या भूमीला नवा नाही. आयुर्वेदाने आहाराच्या जोडीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत बसवले. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेकाठच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात योग्याला झोप आणि जागेपणा दोन्ही मापात ठेवायला सांगितले आहे. सामान्य घरात हे माप घड्याळाविना पाळले जाई. दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत जेवणे उरकत, तेल वाचवायचे म्हणून दिवा मालवला जाई, आणि पहाटे जात्याच्या घरघरीने घर जागे होई. कार्तिकात काकडा, एरवी सप्ताह, जागरण-गोंधळ, यात्रा हे जागण्याचे प्रसंग ठरलेले होते. जागरण गावाचे असे, देवाच्या नावाने होई आणि दुसऱ्या दिवशी सगळे गावच पेंगुळलेले असल्याने कोणाला त्याबद्दल जाब द्यावा लागत नसे. शिर्डीत तर निजणे हाच एक सार्वजनिक विधी झाला. साईबाबा अखेरच्या काही वर्षांत एक रात्र द्वारकामाईत आणि एक रात्र चावडीत झोपत; १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी रात्रीची शेजारती आणि पहाटेची काकड आरती आजतागायत चालू आहे. दिवस कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो याची अशी ठसठशीत खूण जिल्ह्यात दुसरी सापडणे कठीण.

शाळेने या रात्रीत पहिला बदल केला. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये काम सुरू केले. मिस सिंथिया फरार यांनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा त्याच पाहून मिळाली आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडेही त्यांच्याकडेच घेतले. मिशनच्या बोर्डिंगांत घंटेवर उठणे आणि घंटेवर निजणे आले. विसाव्या शतकात रयत शिक्षण संस्था आणि १९१८ मध्ये सुरू झालेली जिल्हा मराठा विद्या प्रसारक संस्था यांच्या वसतिगृहांनी ही शिस्त शेतकऱ्याच्या पोरापर्यंत नेली. ठरावीक वेळी प्रार्थना, ठरावीक वेळी अभ्यास, ठरावीक वेळी दिवे बंद. ज्याला वसतिगृह मिळाले नाही, तो नात्यातल्या घरी राही किंवा वार लावून जेवे; तिथे यजमानांची निजायची वेळ तीच त्याची. दुसऱ्याच्या घरात उशिरापर्यंत दिवा जाळणे म्हणजे दुसऱ्याचे तेल जाळणे, याची जाणीव त्या मुलांना बोचत असे.

महाविद्यालय मात्र जिल्ह्यात उशिरा आले. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी जून १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज सुरू केले. तोपर्यंत पदवी घ्यायची तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, राज्य परिवहनाची पहिली एसटी पुणे आणि अहमदनगर यांच्यात धावली. या दोन घटना वरवर वेगळ्या दिसतात, पण विद्यार्थ्याच्या आयुष्यात त्या एकत्र आल्या. एसटीचे जाळे तालुक्यांत पसरले तसा गावातून डबा येऊ लागला. आईने पहाटे उठून केलेली भाकरी, कालवण किंवा ठेचा फडक्यात बांधून पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची आणि पोराने स्टँडवर जाऊन ती उतरवून घ्यायची. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव या गावांत तीन-चार मुलांनी मिळून खोली करण्याची पद्धत पडली. १९६० च्या दशकात या तालुक्याच्या गावांत महाविद्यालये निघाली, १९६८ मध्ये राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, १९७० मध्ये नगरला न्यू आर्ट्स कॉलेज सुरू झाले. ‘खोलीवरचा मुलगा’ ही विद्यार्थ्यांची नवी जात या काळात तयार झाली. त्याच्यावर ना आईची नजर होती ना रेक्टरची. होता तो फक्त कंदील.

कंदिलाची झोपेवरची सत्ता नीट समजून घेण्यासारखी आहे. रोज संध्याकाळी काच काढायची, राखेने किंवा कागदाच्या बोळ्याने आतली काजळी पुसायची, वात कात्रीने सरळ कापायची. वाकडी कापली तर एका बाजूने ज्योत चढून काच तडकते. टाकीत रॉकेल पाहायचे. रॉकेल रेशनवर मिळे आणि ते महिनाभर पुरवायचे असे, म्हणून वात चढवण्यालाही मर्यादा. ज्याच्याकडे कंदील नसे तो चिमणीवर वाची. चिमणीला काचही नसे, वाऱ्याने ज्योत हले, धूर सरळ नाकात जाई आणि सकाळी नाकपुड्या काळ्या निघत. या प्रकाशात दोनच जण पुस्तक धरू शकत. नऊ-दहाला डोळे चुरचुरू लागत, आणि बाहेर अंधार इतका दाट असे की जागे राहून करण्यासारखे दुसरे काही उरतच नसे. त्या पिवळसर, मंद उजेडात निळ्या छटेचा अंश अगदी थोडा असतो. डोळ्याला तो उजेड पुस्तकापुरता पुरे, पण शरीराचे घड्याळ पुढे ढकलण्याइतका तो तीव्र नसे. कंदिलाचा हा गुण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता, तरी त्याचा लाभ मात्र सगळ्यांना मिळाला.

अभ्यासाची मानाची वेळ पहाटेची होती. चारला उठून केलेले पाठांतर डोक्यात राहते, अशी घरांची ठाम समजूत. गजराचे घड्याळ पत्र्याच्या डब्यावर ठेवायचे म्हणजे आवाज दुप्पट होतो, ही खोल्यांवरची युक्ती. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात काँग्रेसच्या इतर नेत्यांबरोबर स्थानबद्ध असलेले मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधल्या पत्रांत पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करून घेण्याचे वर्णन मोठ्या आवडीने करतात. पहाटेच्या एकांताचे हे सुख खरेच आहे. पण पहाटे उठणे जमत होते ते रात्री नऊला निजणे भाग असल्यामुळे. त्या काळालाही सोन्याचा मुलामा चढवायचे कारण नाही. परीक्षेच्या दिवसांत मुले रात्रीचा दिवस करत, ढेकूण आणि डास होते, उन्हाळ्यात पत्र्याच्या खोल्यांत मध्यरात्रीपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. मुलींचा तर विचारच वेगळा. घरातली चूल, भांडी, धाकटी भावंडे आटोपल्यावर उरेल तो वेळ त्यांचा, आणि तेवढ्या वेळासाठी कंदील त्यांच्या वाट्याला येईलच याचा भरवसा नसे. झोप कमी पडण्याची पाळी त्यांच्यावर मुलांच्या कितीतरी आधी आली.

दुसरा मोठा बदल विजेने केला, आणि या जिल्ह्यात वीज सहकाराच्या वाटेने आली ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर देशात प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होती. २०११ पर्यंत श्रीरामपूर, राहुरी, राहाता आणि आसपासच्या गावांना तीच वीज पुरवत होती. कारखान्याचा भोंगा पाळी बदलताना वाजे; कामगार वसाहतीतली मुले त्यावर उठत, जेवत, अभ्यासाला बसत. ज्या घरात बाप रात्रपाळीला आहे, तिथे दिवसा आवाज करायचा नाही आणि रात्री आईसोबत जागायचे, हा नियम मुलाला न शिकवता कळे.

शेतकऱ्याच्या घरात विजेने वेगळीच रात्र आणली. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळू लागली आणि अनेकदा ती पाळी रात्रीची असे. ‘लाईट’ रात्री अकराला आली की विहिरीवर मोटर चालू करायला आणि वाफ्यांची दारे धरायला जावे लागे. बाप एकटा असेल तर कॉलेजात जाणारा मुलगा सोबत जाई. एका वाफ्यात पाणी भरले की दार मोडून पुढचे फोडायचे, हे काम तासन्‌तास चाले. एका हातात फावडे, दुसऱ्या हातात बॅटरी, थंडीत गुडघ्यापर्यंत चिखल, आणि संगमनेर-अकोल्याच्या उसात बिबट्याची धास्ती. पहाटे पाचला वीज गेली की घरी यायचे, अंगावर पाणी घ्यायचे आणि सातची एसटी धरायची. असा मुलगा पहिल्या तासाला डुलक्या घेतो तेव्हा तो रात्रभर कोठे होता, हे वर्गात विचारले जात नसे. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने कळस गाठला आणि संध्याकाळी, नेमक्या अभ्यासाच्या वेळी, गावे अंधारात जाऊ लागली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा एक पथदर्शी प्रकल्प पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला झाला. विद्यार्थ्यांच्या झोपेच्या चर्चेत या योजनेचे नाव सहसा कोणी घेत नाही. खरे तर शेतकरी घरातल्या मुलाला रात्रीची झोप परत मिळवून देण्याची सर्वांत थेट ताकद तिच्यात आहे.

रेडिओ आणि दूरचित्रवाणीने रात्र लांबवली, हे खरे. पण फार नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, गावोगावी संच पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षे लागली. संच घरात एकच असे, तोही माजघरात. वडीलधाऱ्यांनी बटण बंद केले की सगळ्यांची रात्र एकदम संपे, आणि नव्वदच्या दशकात केबल येईपर्यंत कार्यक्रम स्वतःच संपत असत.

याच सुमारास दुसरीकडे ताण वाढत होता, आणि तो कोणत्याही यंत्रामुळे नव्हता. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा नव्या आकृतिबंधानुसार झाली आणि पाठोपाठ बारावी हे आयुष्याचे वळण बनले. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव इथे तशी महाविद्यालये निघाली आणि १९८४ मध्ये लोणीत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुण्या-मुंबईला न जाता डॉक्टर, इंजिनिअर होता येईल ही मोठी गोष्ट होती. मात्र तिच्याबरोबर शुल्क आले, शुल्काबरोबर कर्ज आले, आणि बापाने एकर विकून किंवा सोसायटीचे कर्ज काढून भरलेल्या पैशाचे ओझे मुलाच्या उशाशी येऊन बसले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अकरावीत एकाएकी इंग्रजीतून भौतिकशास्त्र शिकू लागला. नोकऱ्या आटल्या तशी स्पर्धा परीक्षांची रांग लांबली. आज नगरच्या सावेडीत किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी अभ्यासिकांच्या पाट्या दिसतात. महिन्याच्या भाड्यावर एक टेबल, एक दिवा, एक प्लग. दुसरीकडे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे साडेचार-पाचला रस्त्यावर किंवा मैदानावर धावतात. काही जण दोन्ही करतात. रात्री एकपर्यंत वाचायचे आणि पहाटे धावायचे, हे गणित कोणत्याही शरीरात बसत नाही.

मोबाइल या पार्श्वभूमीवर आला. देशात त्याची सुरुवात १९९५ ची, पण इथल्या कॉलेजांच्या आवारात तो सर्रास दिसू लागला तो २००० नंतरच्या दशकात. साध्या बटणांच्या फोननेही झोपेला हात घातलाच होता. कंपन्यांनी रात्रीच्या बोलण्याचे दर उतरवले तेव्हा गोधडीत तोंड खुपसून कुजबुजणारी पिढी तयार झाली. तरीही बोलायला दुसरे माणूस जागे लागे, आणि पैसे संपत. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरले आणि हा शेवटचा अडसर गेला. महिन्याला मोजून वापरायचा डेटा दिवसाला मिळू लागला. या रोजच्या कोट्याची एक बारीक बाब झोपेच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली: तो मध्यरात्री बारा वाजता नव्याने भरतो. दहा-अकराला कोटा संपलेला मुलगा बारा वाजण्याची वाट पाहत पडून राहतो आणि बारानंतर त्याच्यापुढे नवा दिवस उघडतो. पूर्वी ज्या घटकेला टाकीतले रॉकेल संपलेले असे, त्याच घटकेला आता नवा साठा मिळू लागला.

मार्च २०२० मधल्या टाळेबंदीने उरलेली सीमाही पुसली. वर्ग, नोट्स, हजेरी, परीक्षा सारे फोनमध्ये शिरले. अकोल्याच्या डोंगरी भागात मुलांनी रेंजसाठी टेकाड गाठले. ज्या घरात एकच फोन होता, तिथे दिवसा तो बापाकडे किंवा भावाकडे असे आणि बहिणीच्या वाट्याला रात्र येई. फोनपासून दूर राहा म्हणणाऱ्या पालकांनीच तो हप्त्यावर घेऊन दिला, कारण शिक्षण त्यातच होते. महाविद्यालये पुन्हा उघडली, तरी वर्गाचा व्हॉट्सॲप गट गेला नाही. उद्याच्या प्रात्यक्षिकाची सूचना, प्रकल्पाची पीडीएफ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, भरतीच्या हॉलतिकिटाची अफवा हे सगळे रात्री अकरालाही येऊ शकते आणि येते. रात्री फोन हातात धरलेला मुलगा करमणूकच करत असेल, असे गृहीत धरणे म्हणूनच अन्यायाचे आहे. त्याच पडद्यावर त्याची रील्स आहेत, खेळ आहे, घरचा फोन आहे, कांद्याचा भाव आहे आणि निकालही आहे.

झोपेवर याचा परिणाम कसा होतो, हे गेल्या काही दशकांत बरेच उलगडले आहे. दृष्टिपटलातल्या काही पेशींत मेलानोप्सिन नावाचे द्रव्य असते. पाहण्याशी या पेशींचा फारसा संबंध नाही. दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवणे हे त्यांचे मुख्य काम. निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो मिळत राहिला तर झोपेची वेळ कळवणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना निजण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर आणि वेगळ्या दिवशी कागदी पुस्तक वाचायला दिले. पडद्याच्या दिवसांत त्यांच्या मेलाटोनिनची लय दीड तासाहून अधिक पुढे गेली, पण झोप लागायला लागलेला जादा वेळ होता सुमारे दहा मिनिटे. हा दुसरा आकडा लक्षात ठेवायला हवा. एकट्या प्रकाशाला सगळा दोष देऊन आणि पडदा पिवळा करून प्रश्न सुटत नाही. मोठे नुकसान होते ते वेळेचे. व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. त्याला शेवट नाही, आणि शेवट नसलेली गोष्ट थकलेल्या मनाला थांबवता येत नाही.

त्यात वयाचाही भाग आहे. पौगंडावस्थेपासून शरीराचे घड्याळ हळूहळू उशिराकडे सरकते आणि ही सरक विशीच्या आसपास सर्वांत जास्त असते. मुलींमध्ये साडेएकोणिसाच्या, मुलांमध्ये एकविसाच्या सुमारास ती पुन्हा मागे फिरू लागते, असे युरोपातल्या मोठ्या पाहणीत २००४ मध्ये आढळले. म्हणजे पदवीची तीन-चार वर्षे आणि रात्री उशिरा झोप येण्याचा काळ नेमका एकच. कंदिलाच्या युगात हा निसर्ग अंधाराने दाबून धरला होता. आता त्याला वाट मोकळी आहे, मात्र सकाळची एसटी आणि पहिला तास जिथल्या तिथे आहेत. अठरा ते पंचवीस या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, असे तज्ज्ञ सांगतात. दोन वाजता निजून साडेसहाला उठणाऱ्याला ती मिळणे शक्य नाही.

ताण आणि झोप यांचे नाते दुहेरी आहे. चिंतेने शरीर सावध राहते, ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल खाली येत नाही, पाठ टेकताच विचारांची साखळी सुरू होते. ती तोडायला विद्यार्थी फोन उचलतो. त्याला थोडा वेळ बरे वाटते, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात तास जातो, दुसऱ्या दिवशी डोके जड, वाचलेले उतरत नाही, मागे पडल्याची टोचणी वाढते आणि रात्री पुन्हा तेच. झोपल्यावर विसरणे कमी होते हे १९२४ मध्येच जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांवर निरर्थक अक्षरसमूहांचे प्रयोग करून दाखवले होते. पाठ केल्यावर ते झोपले, तेव्हा जागे राहिल्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहिले. रात्रभर जागून केलेला अभ्यास म्हणजे पेरणी करून पाणी न देणे आहे.

आज महाविद्यालयांत या विषयाच्या पाहण्या होतात तेव्हा साधारण तीन प्रश्नावल्या वापरल्या जातात: झोपेच्या प्रतीसाठी १९८९ ची पिट्सबर्ग निर्देशिका, जिच्यात एकवीसपैकी पाचाहून अधिक गुण म्हणजे झोप बिघडलेली, ताणासाठी शेल्डन कोहेन यांची १९८३ ची मोजपट्टी, आणि फोनच्या आहारी जाण्यासाठी दक्षिण कोरियात तयार झालेली दहा प्रश्नांची २०१३ ची. जगभर या तिन्हींचे आकडे एकमेकांच्या संगतीने वर-खाली होताना दिसतात. मात्र एकाच दिवशी भरून घेतलेल्या कागदावरून आधी काय बिघडले, हे कळत नाही. झोप न येणारा मुलगा फोन उचलतो की फोन उचलल्याने त्याची झोप जाते, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘दोन्ही’ असेच आहे. दारे धरायला जाणारा मुलगा, खोलीभाड्याच्या काळजीतली मुलगी आणि नुसता खेळात गुंतलेला मुलगा यांचे गुण अशा कागदावर सारखे येऊ शकतात. त्यांच्यावरचे उपाय सारखे असू शकत नाहीत.

नवा पहारा बसवण्याचे प्रयत्न गावांनीच आधी केले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत शिव्या देण्यावर पाचशे रुपये दंडाचा ठराव केला, तो राज्यभर गाजला. त्याच सभेत संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही, असेही ठरले. दोन्ही गावांचे हे मोबाइलचे नियम शाळकरी मुलांसाठी आणि अभ्यासाच्या वेळेसाठी आहेत. कॉलेजचा विद्यार्थी त्या वेळी गावात नसतो. तो नगरला किंवा संगमनेरला खोलीवर असतो, अठरा पूर्ण केलेला असतो, आणि त्याची झोप जाते ती अकरानंतर. ग्रामसभेचा हात तिथपर्यंत पोचत नाही. वसतिगृहात दिवे बंद केले, तरी प्रत्येकाच्या उशाशी स्वतःचा दिवा असतो.

महाविद्यालयांकडे मात्र बदलता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत: सूचना संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर न पाठवणे, प्रात्यक्षिके आणि सादरीकरणे एकाच आठवड्यात न कोंबणे, समुपदेशक आठवड्यातून एकदा तरी आवारात बसवणे. केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकावरची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून मराठीतही बोलते आणि ती रात्रीही चालू असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये अहवाल दिला, त्यात निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांहून अधिक नसावे, एक दिवस सुटी असावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, अशी शिफारस आहे. लोणीसारख्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयांनाही ती लागू पडते. विद्यार्थ्याच्या झोपेचे तास शिक्षणाच्या वेळापत्रकाचा भाग म्हणून मोजायला अशा रीतीने सुरुवात झाली आहे. कला, वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अजून तसे काही ठरलेले नाही.